रसायन आणि मोडी एकाच तक्त्यात: निवड समित्यांच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या निवड आणि पदोन्नती समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेलं आहे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी फाइलींचा गठ्ठा घेऊन येते, तक्त्याच्या प्रती तुमच्यापुढे ठेवते आणि निघून जाते. बडोद्यात ग्रंथपाल म्हणून काम करायला लागून मला आता बावीस वर्षं झाली. उमेदवाराचे पेपर किती, सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा घेतलेला आधार) किती, पेपर आणि सायटेशन मिळून निघणारा एच-इंडेक्स किती, जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (म्हणजे त्यातल्या लेखांना सरासरी मिळणारी सायटेशन) किती, हे शोधून सही-शिक्क्यानिशी देणं हे माझ्याकडचं सर्वांत निकडीचं काम होऊन बसलं आहे. कॅस या पदोन्नतीच्या योजनेचे अर्ज निघाले की वाचनालयात विद्यार्थ्यांपेक्षा प्राध्यापकांचीच रीघ जास्त असते.

त्या आकड्यांबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. खोलीत बोलायची मला मुभा नसते, म्हणून हे पत्र.

2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शहरातल्याच एका संस्थेत तीन विषयांच्या पदोन्नतीचा विचार एकाच दिवशी व्हायचा होता. वरून निरोप आला: सगळ्यांचा एकच तक्ता करा, एच-इंडेक्सप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा, म्हणजे समितीला सोयीचं पडेल. मी तो केला. वर रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक, एच-इंडेक्स 31. मध्ये गणिताच्या मॅडम, 7. सर्वांत खाली मराठीचे एक सर, त्यांच्यापुढे शून्य.

हे मराठीचे सर मोडीचे जाणकार. दांडिया बाजारात राहायचे, संध्याकाळी सुरसागरला एक फेरी मारून आमच्याकडे येऊन बसायचे. गायकवाडीतल्या जुन्या हिशेबांच्या आणि पत्रांच्या मोडी कागदांचं वाचन त्यांनी अकरा वर्षं केलं होतं आणि त्याचे दोन खंड संपादित केले होते. त्यांच्याकडे एक लांबट वही होती. प्रत्येक लेखनिकाचा 'क' कसा, 'ख' कसा, तो दिवसाच्या शेवटी घाईत लिहितो तेव्हा 'स' आणि 'म' यांत घोळ कसा होतो, हे त्यात एकाखाली एक काढलेलं. एका घराण्याच्या तीन पिढ्यांतल्या कारकुनांची अक्षरं ते ओळखायचे. कागदावर तारीख नसली तरी अक्षरावरून 'हा बापाचा, हा लेकाचा' असं सांगायचे.

तक्ता पाठवण्याआधी उमेदवाराला दाखवायचा, अशी माझी पद्धत आहे. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"म्हणजे, ताई, हे कोणी वाचलंच नाही का?"

"वाचलं आहे, सर. हे आकडे मोजणाऱ्यांकडे त्याची नोंद नाही."

त्यांनी मान हलवली, कागदाची दोनदा घडी केली, खिशात ठेवला आणि छत्री उचलून गेले. त्या वर्षी त्यांचं काम झालं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

पुढचे दोन रविवार मी घरी बसून काढले. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेल्या शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मराठीतले आणि इतिहासातले प्रबंध उघडले, तळटिपा एकेक करून वाचल्या. वाचनालयातली पुस्तकंही पाहिली. सरांच्या दोन खंडांचे उल्लेख वहीत उतरवत गेले आणि वहीची चार पानं भरली. ते यंत्राला का दिसले नाहीत, हेही तेव्हाच कळलं. आपल्याकडच्या तळटिपेत पहिल्यांदा पुस्तकाचं नाव येतं आणि मग पुढची पंधरा पानं 'कित्ता', 'तत्रैव', 'उनि' (म्हणजे वर सांगितलेलंच पुस्तक) असंच चालतं. लेखकाचं नाव कुठे आद्याक्षरांसकट, कुठे नुसतं आडनाव. प्रबंध स्कॅन केलेला, त्यातलं देवनागरी संगणकाला धड वाचता येत नाही. आणि सायटेशन मोजणाऱ्या स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सूच्या मुळात या प्रबंधांकडे आणि या पुस्तकांकडे पाहतच नाहीत. त्यांचा सारा भर जर्नलांवर, त्यातही इंग्रजी जर्नलांवर. ती चार पानं मी समितीच्या बैठकीपूर्वी भरायला हवी होती. तेव्हा ते सुचलं नाही, याची बोच अजून आहे.

हे आकडे आले कुठून, तेही सांगते, कारण समितीतल्या फार थोड्यांना ते ठाऊक असल्याचं मला जाणवलं आहे. फिलाडेल्फियाचे यूजीन गारफील्ड यांनी 1955 साली ही कल्पना मांडली आणि 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला. हेतू शोधाचा होता. एक पेपर हातात आहे, त्याच्यानंतर त्या विषयावर कोणी काय लिहिलं हे शोधायचं, तर त्या पेपरचा आधार कोणी कोणी घेतला हे पाहावं. ग्रंथपालाला याहून उपयोगी साधन मिळणं कठीण, मी आजही विद्यार्थ्यांना ते शिकवते. इम्पॅक्ट फॅक्टरही असाच, कोणती जर्नलं घ्यायची हे ठरवण्यासाठी निघालेला. 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे 2022 आणि 2023 मध्ये त्या जर्नलात आलेल्या लेखांना 2024 मध्ये मिळालेली सायटेशन, भागिले त्या लेखांची संख्या. तो जर्नलचा असतो. त्यात एखाद्या माणसाच्या लेखाचं काय झालं हे त्यावरून कळत नाही, कारण कोणत्याही जर्नलात थोडे लेख पुष्कळ सायटेशन ओढतात आणि बाकीच्यांच्या वाट्याला दोन-चार येतात. चाळीस जणांच्या वर्गात एका मुलाला शंभर मार्क आणि बाकीच्यांना पाच-पाच मिळाले, तर वर्गाची सरासरी कोणत्याच मुलाची ओळख सांगत नाही.

शिवाय ती दोन वर्षांची खिडकी. जीवरसायनात ती पुरते, तिथे पेपर आला की सहा महिन्यांत पुढचा पेपर त्यावर उभा राहतो. गणितात तसं होत नाही. गणिताच्या मॅडमचा एखादा सिद्धांत दहा वर्षांनी कोणी उचलतो, आणि तो उचलणं हाच त्या विषयाचा रिवाज असतो. इतिहासात तर आणखी लांब.

एच-इंडेक्स त्या मानाने अलीकडचा. सॅन डिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो 2005 मध्ये मांडला. ज्याच्या 10 पेपरांना प्रत्येकी किमान 10 सायटेशन आहेत त्याचा एच-इंडेक्स 10. हिशेब सोपा, म्हणून जगभर पसरला. पण जीवविज्ञानातले एच-इंडेक्स भौतिकीपेक्षा मोठे असतात, विषयागणिक फरक पडतो, हे हिर्श यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं आहे. आणखी एक गोष्ट बघा. एखाद्या विदुषीने आयुष्यात एकच ग्रंथ लिहिला आणि तो दोन हजार ठिकाणी उद्धृत झाला, तरी तिचा एच-इंडेक्स 1. विज्ञानात दहा-दहा पानांचे पेपर लिहिले जातात म्हणून तिथे हे माप निदान चालतं. जिथे दहा वर्षांची मेहनत एका ग्रंथात जाते तिथे ते चालत नाही.

लेखकांच्या संख्येचाही विचार करा. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाबद्दलचा, ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांचा 2015 मधला संयुक्त पेपर 5154 लेखकांचा आहे. त्याची 33 पानं, त्यांतली 24 नुसत्या नावांची आणि संस्थांची. त्यातल्या प्रत्येकाच्या प्रोफाइलवर त्या पेपरची सगळी सायटेशन पूर्णपणे चढतात. ते काम खरोखरच इतक्यांचं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या मोडीच्या सरांच्या खंडावर एकच नाव आहे, आणि दोघांना एकाच रकान्यात बसवायचं तर त्या रकान्याला काय नाव द्यावं ते मला सुचत नाही.

आणि सायटेशन म्हणजे शाबासकी असंही धरून चालू नका. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा वेकफील्ड यांचा 1998 चा पेपर 2010 मध्ये मागे घेण्यात आला. तो अतोनात उद्धृत झालेला आहे, आणि त्यातला फार मोठा भाग तो कसा चुकीचा होता हे सांगणाऱ्यांचा. उलट बाजूने पाहायचं तर 'नेचर'ने 2014 मध्ये जगातल्या सर्वाधिक उद्धृत पेपरांची यादी काढली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर निघाला ऑलिव्हर लाउरी यांचा 1951 चा पेपर: प्रथिनं मोजायची एक पद्धत, सायटेशन 3 लाखांच्या वर. डीएनएची रचना सांगणारा 1953 चा पेपर पहिल्या शंभरात नव्हता. लाउरींची पद्धत कितीतरी प्रयोगशाळांत वापरली गेली, म्हणून तिचा उल्लेख होत राहिला. उपयोग कळतो त्यातून. थोरवी कळत नाही.

आता बडोद्याकडे येते. गायकवाड ओरिएंटल सिरीजचा पहिला ग्रंथ, राजशेखराची काव्यमीमांसा, 1916 मध्ये निघाला. त्याच मालेत भरताचं नाट्यशास्त्र अभिनवगुप्ताच्या टीकेसह निघालं. रामकृष्ण कवींनी हाती घेतलेल्या या कामाचा पहिला खंड 1926 चा, दुसरा 1934 चा, तिसरा 1954 चा आणि चौथा 1964 चा. अडतीस वर्षं. भारतीय रंगभूमी, नृत्य, रसविचार यांवर जगात कुठेही गंभीरपणे लिहिणाऱ्याला आजही त्या खंडांपाशी यावं लागतं. मग प्राच्यविद्या मंदिराची रामायणाची चिकित्सक आवृत्ती: बालकांड 1960 मध्ये, उत्तरकांड 1975 मध्ये, मधली कांडं मधल्या वर्षांत. निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवून, श्लोकागणिक पाठभेद नोंदवून केलेलं काम. ज्यांनी चिकित्सक आवृत्तीचं एखादं पान वरचा पाठ आणि खालचे पाठभेद यांच्यासकट पाहिलं आहे, त्यांना ते एक पान उभं करायला काय पडतं हे वेगळं सांगायला नको.

हे काम आजच्या गुणांत बसवून पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत संपादित पुस्तकाला, प्रकाशक देशातला असेल तर, 8 गुण आहेत. नाट्यशास्त्राचे चार खंड म्हणजे 32. त्याच नियमावलीत 10 च्या वर इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या जर्नलातल्या एका पेपरला 30 गुणांपर्यंत भर आहे, आणि इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या जर्नलातल्या पेपरला 5. वेब ऑफ सायन्सच्या कला आणि मानव्यविद्यांच्या सूचीतल्या जर्नलांना इम्पॅक्ट फॅक्टर द्यायला सुरुवात झाली 2023 मध्ये. म्हणजे नियम झाला तेव्हा संस्कृत, मराठी, कलेतिहास या विषयांच्या जर्नलांना ती शिडी मुळात लावलेलीच नव्हती. त्या नियमावलीत भाषा आणि समाजशास्त्रांच्या पेपरला 10 आणि विज्ञानाच्या पेपरला 8 असा फरक ठेवून कोणीतरी तोल सांभाळायचा प्रयत्न केलेला दिसतो, आणि त्याची मला जाणीव आहे. तो पुरत नाही, एवढंच.

कोशांचं तर विचारूच नका. 1931 मध्ये बडोद्यात श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु निघाला, राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश. असा कोश रोज उघडणारा माणूस त्याचा उल्लेख तळटिपेत करत नाही. पोथ्यांच्या वर्णनात्मक सूचीचंही तेच. ज्या सूचीमुळे पोथी सापडली ती सूची कोणी लिहीत नाही, पोथीचं नाव लिहितात. ज्या कामावर सगळ्यांचं काम उभं असतं ते मोजणीतून असं निसटतं, आणि ते करणारी तरुण माणसं आता मला फारशी दिसत नाहीत. मागच्या वर्षी एक मुलगी आली होती, मोडी उत्तम वाचते. म्हणाली, "मॅडम, मला सूचीचं काम करायचं होतं, पण गाइड म्हणाले त्याला पॉइंट नाहीत, त्यापेक्षा तीन पेपर कर." तिने तीन पेपर केले. त्यांत चूक काहीच नाही. पण ते तिच्याशिवाय आणखी दहा जण लिहू शकले असते.

मोजमापाला माझा विरोध आहे असं कृपया समजू नका. आकडे नव्हते तेव्हा काय चालायचं ते मी पाहिलेलं आहे. अमक्याचा विद्यार्थी, तमक्याचा जावई, दिवाळीला कोण कोणाकडे जातं, यावर नेमणुका ठरायच्या. एका छोट्या महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या एक बाई होत्या. कोणाचा वरदहस्त नाही, परदेशवारी नाही. पेपर मोजकेच, एच-इंडेक्स 9, आणि समोरच्या उमेदवाराचा 16. त्यांच्या पेपरांची तुलना मी त्याच विषयातल्या, त्याच वर्षी निघालेल्या पेपरांशी करून दिली. त्यांचे जवळजवळ सगळे पेपर आपापल्या वर्षाच्या वरच्या दहा टक्क्यांत बसत होते. समोरच्यांचे बरेचसे मध्यावर. त्या समितीने तो कागद नीट वाचला, प्रश्न विचारले, आणि बाईंना न्याय मिळाला. आकड्याने त्या दिवशी वशिल्यावर मात केली, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणून आकडे फेकून द्या असं मी कधी म्हणणार नाही.

पण त्या दिवशी नेमकं काय केलं होतं ते लक्षात घ्या. पेपरची बरोबरी त्याच्या जातभाईंशी केली होती. याला विषयसापेक्ष किंवा सामान्यीकृत सायटेशन म्हणतात. समजा, गणितातल्या एखाद्या वर्षीच्या पेपरांना आजवर सरासरी 4 सायटेशन मिळाली आहेत आणि मॅडमच्या त्या वर्षीच्या पेपरला 12. म्हणजे 3 पट. पेशीविज्ञानात त्याच वर्षीची सरासरी 40 असेल आणि तिथल्या सरांना 40 मिळाली असतील, तर 1 पट. नुसते 12 आणि 40 पाहिले तर सर पुढे, विषयाच्या मापाने पाहिलं तर मॅडम पुढे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स दोन्हीकडे असा आकडा तयार मिळतो, 1 म्हणजे जगाची सरासरी. मला त्याहून वरचे एक टक्का, वरचे दहा टक्के अशी टक्केवारी जास्त भरवशाची वाटते, कारण सरासरीला एखादाच गाजलेला पेपर वर खेचतो आणि टक्केवारी तशी हलत नाही.

यालाही मर्यादा आहेत, आणि त्या तुम्हाला सांगणं माझं काम आहे. पेपरचा विषय बहुतेक वेळा जर्नलवरून ठरवतात. आमच्या संख्याशास्त्राच्या एका सरांनी वैद्यकीय जर्नलात लेख लिहिला की त्यांची तुलना डॉक्टरांशी होते. आणि ज्या विषयाची जर्नलंच त्या सूचीत नाहीत, त्या विषयाची सरासरी कशाची काढणार? मराठी साहित्याचे, स्थानिक इतिहासाचे पाच-दहा लेख चुकून सूचीत आले आणि त्यावर सरासरी काढून दिली, तर तो आकडा दिसायला नेटका असेल, पण मी त्याच्याखाली सही करणार नाही. अशा विषयांना विषयसापेक्ष आकडाही लावू नका. तिथे काम वाचावंच लागेल.

नावांची कथा वेगळीच आहे. गुजरातमध्ये सरकारी कागदावर आडनाव आधी लिहितात, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. आपल्या मराठी घरांत नाव आधी. एकाच माणसाचे पेपर मग तीन-चार नावांखाली विखुरतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं अर्धं काम माहेरच्या नावावर पडून राहतं. एका मॅडमच्या दोन प्रोफाइल मी एकत्र करून घेतल्या तर एच-इंडेक्स 6 वरून 11 वर गेला. त्याच त्या, काम तेच. उलटही होतं. गुगल स्कॉलरने एका तरुण प्राध्यापकाच्या प्रोफाइलमध्ये त्याच आडनावाच्या, त्याच आद्याक्षराच्या कुठल्याशा मृदाशास्त्रज्ञाचे पेपर घातले होते. त्याने ते स्वतःहून काढून टाकायला सांगितले, सायटेशन निम्म्याहून खाली आली, आणि त्याचा मला फार आदर वाटला. संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक 2012 पासून मिळतो आहे, फुकट आहे, तरी अजून कितीतरी जणांनी काढलेला नाही. आणि एकाच माणसाचा एच-इंडेक्स गुगल स्कॉलरवर, स्कोपसवर आणि वेब ऑफ सायन्सवर तीन प्रकारचा येतो, कारण तिघांची मोजायची पोतडी वेगळी. तक्त्यात कोणता घेतला हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धवट आहे असं समजा.

बोगस जर्नलांबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही सगळं जाणता. मे 2018 मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून 4305 जर्नलं काढावी लागली होती. मग आयोगाचीच मान्य जर्नलांची नवी केअर यादी आली, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. आता जर्नलची पारख संस्थांनी स्वतः करायची आहे. ही जबाबदारी यादीवरून उतरून तुमच्या-माझ्यावर आली आहे, आणि मला ती बरी वाटते.

परदेशात यावर विचार झाला नाही असंही नाही. 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं मोल करू नका असं सांगितलं. 2015 मध्ये लायडनचा जाहीरनामा आला. त्यात दहा तत्त्वं आहेत, मला त्यातली चार पाठ आहेत: स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला जपा, ज्याचं मूल्यमापन होतं त्याला माहिती तपासू द्या, विषयांतला फरक धरा, आणि व्यक्तीबद्दलचा निर्णय तिचं एकूण काम पाहून करा. ज्यांनी हे लिहिलं ते आकडेमोडीतलेच लोक आहेत, हे मला विशेष वाटतं.

पण मला त्याहून जवळचं उदाहरण आठवतं. धर्मानंद कोसंबी कलकत्त्याला शिकवत होते, तेव्हा सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा 50 रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात राहायचं आणि वर्षाला एक पुस्तक बडोदा संस्थानासाठी लिहायचं. मापच होतं तेही, आणि चांगलं कडक माप होतं. पण माणूस कोण, त्याचं काम कोणत्या जातीचं, ते वर्षभरात कोणत्या रूपात हाती येईल, हे पाहून बेतलेलं होतं. पाली ग्रंथांच्या अभ्यासकाकडे महाराजांनी पुस्तक मागितलं. याच महाराजांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून गावोगावी मोफत वाचनालयं उभी करायला घेतली, आणि मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीच्या काचेच्या जमिनीवरून चालताना मी पहिल्यांदा ठरवलं की आपण ग्रंथपाल व्हायचं. अशा गावात बसून मी शून्याचा तक्ता छापला, हे मला सलतं.

तेव्हा माझं मागणं असं आहे. रसायन, गणित आणि मराठी यांचे उमेदवार एकाच दिवशी असले तरी त्यांचा एकच तक्ता मागू नका. मागितलात तर मी यापुढे तो देणार नाही, विषयवार वेगळे कागद देईन. आकडा कुठून, कोणत्या तारखेला काढला, त्या सूचीत त्या विषयाचं किती येतं आणि किती येत नाही, हे प्रत्येक कागदावर मी लिहीन. ते दोन ओळींचं असेल, तेवढं वाचा. उमेदवाराला तो कागद आठ दिवस आधी मिळू द्या, नावाचा घोळ त्यालाच आधी दिसतो. विज्ञानाच्या उमेदवारांसाठी एच-इंडेक्सऐवजी टक्केवारी मागा. भाषा, इतिहास, संस्कृत, ललित कला यांच्या उमेदवारांना आपलं सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम, फार तर पाच, निवडू द्या. प्रत्येकाबद्दल अर्धं पान लिहू द्या: यात नवीन काय, कोणी वापरलं, कुठे. त्यात चिकित्सक आवृत्ती, कोश, सूची, मोडीचं लिप्यंतर, कलाकाराचं प्रदर्शन, सगळं येऊ द्या. आणि समितीत त्या भाषेतलं काम वाचू शकणारा निदान एक सदस्य बसवा. मोडीच्या खंडावर निर्णय घेताना मोडी येणारा माणूस खोलीत नसणं हे चालवून घेऊ नका.

जानेवारी 2025 मध्ये आयोगाने नव्या नियमांचा जो मसुदा काढला, त्यात गुणांच्या बेरजेऐवजी लक्षणीय योगदान पाहावं असं आहे, आणि भारतीय भाषांतल्या अध्यापनाचा आणि भारतीय ज्ञानपरंपरेचा उल्लेखही आहे. मला त्यातून थोडी आशा वाटते. पण तो मसुदा काहीही म्हणो, तुम्ही टेबलाशी बसून काय करता यावरच सगळं अवलंबून राहील. योगदान पाहायचं म्हणजे कोणीतरी पुस्तक उघडायला हवं.

वेळ नसतो, हे मी ऐकलेलं आहे आणि ते खरं आहे. सकाळी साडेदहा ते दुपारी दोन, बारा उमेदवार, मध्ये चहा. तरीही सांगते, मोडीच्या सरांच्या त्या खंडाची प्रस्तावना वाचायला मला चाळीस मिनिटं लागली होती. चाळीस मिनिटांत कळलं की हा माणूस कोण आहे.

पुढच्या बैठकीला मी तक्त्यांबरोबर उमेदवारांची पुस्तकंही घेऊन येणार आहे. शिपायाला सांगून हातगाडी मागवली आहे. टेबलाच्या एका बाजूला कृपया जागा रिकामी ठेवा.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल
बडोदा